दिनविशेष : ५ जून १९५२ – बाबासाहेबांना कोलंबियाची मानद पदवी

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आजच्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ‘डॉक्टर ऑफ लॉज’ ही सन्माननीय पदवी दिली. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये याच विद्यापीठात शिकायला गेलेला बावीस वर्षांचा तरुण आता एकसष्ट वर्षांचा खासदार होता. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले होते. पुढे मुंबईत लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार काजरोळकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला आणि १९५२च्या एप्रिलमध्ये ते राज्यसभेवर गेले. मुंबईच्या मतदारांनी राज्यघटनेच्या शिल्पकाराला नाकारले, ही सल आजही बोचते.

पदवी घेण्यासाठी केलेल्या न्यूयॉर्कच्या प्रवासात बाबासाहेबांना आपले गुरू जॉन ड्यूई यांना भेटण्याची ओढ होती. भेट मात्र झालीच नाही. समारंभाला चार दिवस उरले असताना, १ जूनला ड्यूई गेले. आपल्या साऱ्या बौद्धिक जीवनाचे श्रेय बाबासाहेबांनी पत्नी माईसाहेबांना न्यूयॉर्कहून लिहिलेल्या पत्रात या गुरूंच्या पदरी घातले. हे पत्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे.

१९५४मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांना यश आले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.