गणित तेच, घराणं वेगळं

रॉक संगीतात चार मात्रांचा ठेका इतका मुरला आहे की पाच किंवा सात मात्रांचं आवर्तन कानावर पडलं की ऐकणारा थबकतो आणि म्हणतो, 'हे प्रोग्रेसिव्ह रॉक असणार.' पुष्कळदा ते मॅथ रॉक असतं. दोन्हींत मात्रांचा हिशोब अवघड आणि दोन्हींत वाजवणारे तयारीचे, त्यामुळे मॅथ रॉक म्हणजे प्रोगचंच धाकटं भावंड अशी समजूत रूढ झाली आहे. पण दोघांचं घराणं वेगळं आहे, आणि ऐकताना जाणवणारा फरक तिथूनच येतो.

प्रोग जन्मला इंग्लंडात. १९६७ साली बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ने एक अख्खा अल्बम सलग रचनेसारखा ऐकता येतो हे दाखवून दिलं होतं. मग तिथल्या तरुण वादकांनी युरोपीय अभिजात संगीत आणि जॅझ रॉकमध्ये आणायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९६९मध्ये किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम आला. त्यातला वाद्यवृंदाचा भास मेलोट्रॉनचा होता. टेपवर ध्वनिमुद्रित केलेले व्हायोलिनसारखे सूर या वाद्यात पट्ट्या दाबून वाजवता येतात. १९७२ साली 'येस'च्या 'क्लोज टू द एज' या एकाच गाण्याने रेकॉर्डची एक बाजू व्यापली आणि जेनेसिसचं 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांच्या घरात गेलं. रॉकला भव्य करायचं, त्याला सिंफनीचा आवाका द्यायचा, ही या मंडळींची मनापासूनची आस होती.

अवघड मात्रा या आवाक्यासाठी राबत होत्या. पिंक फ्लॉइडचं १९७३चं 'मनी' याच दृष्टीने ऐकावं. गाणं सात मात्रांवर चालतं, म्हणजे आपल्या रूपकाइतक्याच. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच वाजतो. पण डेव्हिड गिल्मरची गिटार सुटते तेव्हा ठेका चारावर येतो आणि तिला मोकळं रान मिळतं. तो भाग आटोपला की गाणं पुन्हा सातावर परततं. मात्रा बदलते ती गाण्याच्या प्रवासाची गरज म्हणून.

मॅथ रॉकचे पूर्वज याच्या अगदी उलट टोकाला होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पंकने प्रोगची भव्यता धुडकावून लावली. त्यातून अमेरिकेत हार्डकोर निघालं: दीड-दोन मिनिटांची गाणी, तळघरातले कार्यक्रम, जेमतेम पैशांत केलेली ध्वनिमुद्रणं. या मुलांना गाणी लांबवायची नव्हती. आहे तेच आतून पिळून काढायचं होतं. १९८५ साली ब्लॅक फ्लॅगने 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' ही शब्दांविना, नुसत्या वाद्यांची रेकॉर्ड काढली आणि हार्डकोरच्या आतच वाट फुटली. त्याही मागे उभा होता कॅप्टन बीफहार्टचा १९६९चा 'ट्राउट मास्क रेप्लिका'. त्यात प्रत्येक वाद्य आपापल्या लांबीची ओळ घेऊन चालतं.

हे सगळं एकवटलं केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात. तिथल्या 'स्लिंट' या चौघांच्या बँडने ऑगस्ट १९९०मध्ये शिकागोला जाऊन सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. मार्च १९९१मध्ये 'स्पायडरलँड' प्रसिद्ध झालं, तोवर बँड फुटलेलाही होता. मुखपृष्ठावर खाणीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले ते चौघे दिसतात. 'नॉस्फेराटू मॅन'ची कडवी पाच मात्रांत चालतात. टोचणारे उंच सूर, खाली ड्रमची कोरडी थाप आणि शब्द जवळजवळ पुटपुटलेले. मग एकाएकी झांजांचा आणि फाटलेल्या गिटारचा लोंढा येतो. ना कीबोर्ड, ना मिरवण्यासारखा एकल तुकडा. तंत्र इथे दडपण वाढवण्याच्या कामी लागतं.

नाव मात्र टवाळीतून आलं. मॅट स्वीनी या गिटारवादकाने सांगितलेली हकिगत अशी: त्यांच्या बँडचा एक मित्र चेहऱ्यावरची रेषाही न हलवता गाणं ऐकायचा, मग कॅल्क्युलेटर काढून गाणं किती चांगलं झालं याचा हिशोब करायचा. 'मॅथ रॉक' हा त्याने मारलेला टोमणा होता. टोमणा विरला आणि नाव चिकटलं.

या शैलीचा कणा ड्रमर आहे, हे पिट्सबर्गच्या 'डॉन काबालेरो'ने ठासून सांगितलं. १९९३चा त्यांचा 'फॉर रिस्पेक्ट' स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केला. वादक खोलीत जसे वाजतात तसेच ऐकू यावेत, हा अल्बिनीचा आग्रह. इथे गायक नाही. डेमन चे याचे ड्रम पुढे आणि गिटारी त्याच्याभोवती. आपल्या तालात आवर्तनाची लांबी ठरलेली असते, त्यामुळे सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. मॅथ रॉकमध्ये आवर्तनच आखडतं किंवा लांबतं. पाचानंतर सहा, मग पुन्हा पाच. सम सरकत राहते आणि तिचा माग काढण्यातच ऐकण्याचा आनंद आहे.

तरी दोन्ही घराण्यांत सोयरिक झाली आहे, आणि ती जोडणारा बँड पुन्हा किंग क्रिम्झनच. १९८१च्या 'डिसिप्लिन'मधलं 'फ्रेम बाय फ्रेम' घ्या. रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बिल्यू एकच ओळ वाजवत असतात. मग एकाची ओळ एका सुराने तोकडी होते. दोन्ही गिटारी हळूहळू एकमेकींपासून सरकत जातात आणि काही फेऱ्यांनी पुन्हा जुळतात. पुढे मॅथ रॉकच्या वादकांनी हेच गुंफण आपल्या रोजच्या कामाचं केलं.

मग या कोरड्या शैलीत ओलावा आला. इलिनॉयमधल्या 'अमेरिकन फुटबॉल'ने १९९९च्या अल्बममध्ये 'नेव्हर मेंट'साठी गिटारच्या सहा तारा एफ-ए-सी-जी-सी-ई अशा लावल्या. या जुळणीत मोकळ्या ताराही गोड वाजत राहतात, त्यामुळे बोटं गुंतागुंतीची ओळ वाजवत असताना मागे सुरांचं तळं साचतं. जपानात टोकियोच्या 'टो'ने हा हळवेपणा आणखी पुढे नेला आणि क्योटोच्या 'ट्रायकॉट'ने वाकड्या मात्रांवर सहज गुणगुणता येतील अशी गाणी रचली.

म्हणून दोन्हींतला फरक मात्रा मोजून सापडायचा नाही. 'क्लोज टू द एज' आणि 'स्पायडरलँड' पाठोपाठ ऐका. पहिल्यात रॉकला सिंफनीच्या उंचीवर न्यायचा ध्यास आहे. दुसऱ्यात गिटारी, बेस आणि ड्रम एवढ्याच सामानात आजवर न सापडलेलं काही शोधायची जिद्द आहे. मला दोन्ही प्रिय आहेत. पण हातात थोडं असताना खोल कसं जायचं, हे मला मॅथ रॉकनेच शिकवलं.