वॉचमनच्या बाईकवर बसलेला चोर: गोवराची गोष्ट

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण सिस्टीम कशी हॅक होते हा माझा आवडता विषय. आजचा हॅकर खूप जुना आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या गडचिरोलीपर्यंत येते. त्याचं नाव गोवर.

आपल्याकडे खेडोपाडी अंगावर पुरळ उठलं की जुनी माणसं म्हणायची, 'माता आली'. कडुलिंबाचा पाला, थंड खाणं, आणि आठवड्याभरात पुरळ जातं. पण काही लेकरं त्यानंतर न्यूमोनियाने, हगवणीने दगावतात. गोवर तर गेला होता ना? मग हे कुठून आलं?

पहिला धागा 1908 मधला. ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी पाहिलं की ज्या मुलांची टीबीची त्वचाचाचणी आधी पॉझिटिव्ह यायची, तीच गोवर आल्यावर काही दिवस निगेटिव्ह यायला लागली. म्हणजे शरीराचा पहारेकरी चक्क झोपला होता!

तो का झोपतो, हे कळायला पुढची जवळपास शंभर वर्षं गेली. तोवर समज असा होता की हा विषाणू आधी श्वासनलिकेच्या अस्तरावर हल्ला करतो. मग 2000 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना त्याचं खरं दार सापडलं: 'स्लॅम' नावाचं प्रथिन. आणि हे दार असतं कुठे? रोगप्रतिकारक पेशींवरच! पुढे माकडांवर प्रयोग झाले. हिरवा चमकणारा गोवराचा विषाणू दिला, आणि तो सुरुवातीला दिसला फुप्फुसातल्या भक्षक पेशींत.

आता प्लॅन बघा. भक्षक पेशी म्हणजे आपले वॉचमन. ते चोराला पकडून चौकीत, म्हणजे लसिका गाठीत नेतात. गोवराला तेच हवं असतं. तो वॉचमनच्या बाईकवर बसून थेट पोलीस चौकीत पोचतो, तिथल्या पांढऱ्या पेशींत वाढतो आणि रक्तातून अंगभर पसरतो. शेवटी श्वासनलिकेच्या अस्तरात आतल्या बाजूने शिरतो आणि खोकल्यातून पुढच्या लेकराकडे निघतो. अस्तराचं हे दार 2011 मध्ये सापडलं.

खरं नुकसान चौकीत होतं. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशीच मारल्या जातात, म्हणजे बॅकअपच डिलीट! 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. त्यांच्या अँटिबॉडींच्या साठ्यातला 11 ते 73 टक्के भाग गेलेला होता.

आता गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. इथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातलेच आरोग्यसेवक आणि दाया यांना बाळाचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. 102 गावांचा हा अभ्यास 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: जिथे हे काम झालं, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते. हा अभ्यास फक्त गोवराचा नव्हता. पण गोवराने जीव जातो तेव्हा बहुतेकदा न्यूमोनियाच कारण असतो. म्हणून दवाखाना दूर असलेल्या गावात वेळेवर मिळालेली गोळी मोलाची.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे लस. 1985 पासून ती देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आहे, दुसरा डोस 2010 पासून. त्यातला विषाणू दुबळा केलेला असतो. पहाऱ्याला चोराचा फोटो मिळतो, पण बॅकअप शाबूत राहतो. अडचण अशी की गोवर थांबवायला शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस लागतात. आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. लस थंड ठेवून तिथे पोचवणाऱ्या नर्सताई आणि आशाताई, खऱ्या सिक्युरिटी इंजिनिअर त्याच.

तेव्हा एक काम करा. घरातल्या चिमुकल्याचं लसीचं कार्ड काढा. 9 महिने झाल्यावर पहिला, 16 ते 24 महिन्यांत दुसरा. दुसरा राहिला असेल तर या आठवड्यातच अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात विचारा. सरकारी केंद्रात फुकट आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!