स्थलनामे आणि क्रौंचाचा अधिवास

नष्ट झालेला पाणथळ पक्षी एखाद्या प्रदेशात पुन्हा वसवावयाचा असेल, तर कोणती भूमी त्यास मानवेल हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी अधिवासाचे प्रतिमान रचतात. पक्षी जेथे आज आढळतो तेथील पाण्याची खोली, वनस्पती आणि माणसांचा वावर यांच्या नोंदींवरून तत्सम स्थळे नकाशावर शोधली जातात. परंतु जेथून पक्षी शतकांपूर्वी नाहीसा झाला, तेथील नोंदी कोठून आणावयाच्या? इंग्लंडमधील क्रौंचाच्या बाबतीत याचे अंशतः उत्तर भाषा देते.

१२५१ मध्ये यॉर्क येथे तिसऱ्या हेन्रीच्या नाताळच्या मेजवानीसाठी ११५ क्रौंच आणविले गेले होते. पुढे शिकार व दलदलींचा निचरा यांमुळे १६०० च्या सुमारास तेथील क्रौंचांची वीण थांबली. नावे मात्र उरली. प्राचीन इंग्रजीत या पक्ष्यास ‘क्रान’ म्हणत, तर स्कँडिनेव्हियन वसाहतकार ‘त्रानी’ म्हणत. क्रॅनफील्ड म्हणजे क्रौंचांचे मोकळे रान, क्रॅनबोर्न म्हणजे त्यांचा ओढा, सॉमरसेटमधील क्रॅनमोर म्हणजे त्यांचे तळे, क्रॅनली म्हणजे वनातील मोकळी जागा, तर ट्रॅनमिअर म्हणजे वाळूचा बांध.

हा पुरावा पारखूनच घ्यावयास हवा. उत्तरकालीन बोलींत बगळ्यासही ‘क्रेन’ म्हटले जाई. प्राचीन इंग्रजीत बगळ्यास ‘हराग्रा’ हा स्वतंत्र शब्द होता. म्हणून नाव जितके जुने, तितकी त्याची साक्ष अधिक विश्वसनीय होय.

या साक्षीचे महत्त्व कोणते? जर्मनी व स्कँडिनेव्हियात क्रौंच बहुधा वनांतील दलदलीत घरटी करतात. केवळ त्या नोंदींवर रचलेले प्रतिमान मोकळी बोरूची बेटे आणि ओली कुरणे गैरसोयीची ठरवील. स्थलनामे या पक्ष्याचा वावर त्याहून व्यापक असल्याचे दर्शवितात, आणि अनुभवही तसाच आहे. १९७९ मध्ये काही क्रौंच आपण होऊन नॉर्फोकच्या मोकळ्या पाणथळीत आले व तेथेच स्थिरावले. पुढे जर्मनीतून आणलेल्या अंड्यांतील पिल्ले स्लिमब्रिज येथे वाढवून, २०१० ते २०१४ या काळात असे ९३ पक्षी सॉमरसेटच्या ओल्या कुरणांत सोडण्यात आले.

तथापि, नाव ज्या काळी पडले त्या काळचे पाणी आज तेथे असेलच असे नाही. पूर्व इंग्लंडमधील विस्तीर्ण दलदली सतराव्या शतकापासून निचरा करून शेतीखाली आणल्या गेल्या. तात्पर्य, पक्षी कोठे सोडावयाचा हे आजच्या पाण्यावरूनच ठरविले पाहिजे. मात्र कोणती भूमी प्रारंभीच वगळू नये, हे ठरविताना स्थलनामांची साक्ष विचारात घेणे अवश्य आहे.