शाळेसाठी झटलेली मंडळे



वर्धापनदिनाच्या अंकात प्रार्थनालयाचा इतिहास येतो, आणि तो यायलाच हवा. पाया कोणी घातला, सेफेर तोरा कोणी अर्पण केला, हजान कोण होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून ज्या मंडळांनी वर्गणी मागत दारे झिजवली, त्यांची आठवण मात्र क्वचित निघते. ती आज काढावी असे आम्हाला वाटले.

मुंबईत अशा मंडळांचे वारे वाहू लागले ते १८४८ साली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थी व शिक्षकांनी साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी एक सभा स्थापन केली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्यात पुढे होते. तिच्या मराठी शाखेने ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक काढले आणि शास्त्रीय विषय मराठीतून लोकांपुढे मांडले. १८४९ साली या सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या. सकाळी आपल्या कामावर जाण्याआधी ते तेथे बिनपगारी शिकवीत. मुली मिळवण्यासाठी दादाभाई घरोघर फिरले, तेव्हा काही बापांनी त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली होती!

आपल्या समाजाची अडचण जरा वेगळी होती. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी शहरात व पुढे कोकणपट्टीत शाळा काढल्या. आपली मुले तेथे शिकली, आणि आपल्यातले काही जण तेथे शिक्षकही झाले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, त्याचाही आपल्याला उपयोग झाला. हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या शाळांचा हेतू उघड होता. मुलगा शिकावा, पण धर्माला पारखा होऊ नये, ही आईबापांची चिंता होती. तोडगा एकच, आपली शाळा आपण काढावी.

१८५३ साली हाईम सॅम्युएल केहिमकर, त्यांचे बंधू व इतर काहींनी शिक्षणवृद्धीसाठी बेने इस्राएल परोपकारी मंडळ स्थापन केले. त्या वेळी केहिमकरांचे वय अवघे तेवीस वर्षांचे. प्रत्यक्ष शाळा उघडली ती १८७५ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. समाज लहान, बहुतेक लोक पलटणीत, कारकुनीत किंवा सुतारकामात. पैसा येणार कोठून? शाळेत इंग्रजी व मराठीबरोबर हिब्रूही शिकवीत. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळू लागली आणि १८९२ मध्ये शाळेचे हायस्कूल झाले. १९३० च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. हीच आपली माझगावची कदूरी शाळा.

मुलींच्या बाबतीत आपला समाज मागे राहिला नाही, हे आम्ही अभिमानाने लिहितो. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९१३ साली स्त्री मंडळ निघाले. त्याच डॉक्टरीणबाईंना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. रिबेका रुबेन यांनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे कदूरी शाळा सांभाळली. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांच्या घरात आजही त्यांचे नाव निघते. १८८० मध्ये रशियात स्थापन झालेली ‘ओर्ट’ ही संस्था १९६० च्या दशकात मुंबईत आली, आणि मुलांच्या हाती तांत्रिक शिक्षण पडले. इस्राएलला आलेल्या कित्येकांची पहिली भाकरी त्या हुन्नरावर निघाली.

परमुलखात गेलेल्यांना ही गरज नेहमीच पडते. सौदी अरेबियात रियाध येथे १९८२ साली भारतीयांच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. तेथील पालकांची समिती शाळेचा कारभार पाहते. ओलाया भागातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांतून दिवसभर राबणाऱ्या आईबापांना संध्याकाळी मुलाच्या विज्ञानाच्या धड्याची काळजी असणारच. केहिमकरांना ती चटकन समजली असती.

१९४८ नंतर आपली माणसे इस्राएलकडे निघाली तसे कदूरी शाळेच्या पटावरचे आपले आकडे घसरत गेले. आता अनेक वर्षे तेथे बहुसंख्य मुले आसपासच्या मुस्लिम कुटुंबांतली आहेत. आमच्यातले काही जण यावर हळहळतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या वस्तीत शाळा उभी आहे, त्या वस्तीची मुले तेथे शिकतात, याहून दुसरे काय हवे? सुरुवातीला शाळा राखायची होती ती आपल्या मुलांसाठी, हे खरे. पण वर्गणी देणाऱ्यांनी दिलेला पैसा वाया गेला असे कोण म्हणेल?

मंडळाच्या जुन्या पावत्या, शाळेची प्रगतिपुस्तके, वर्गाचे फोटो कोणाच्या ट्रंकेत असतील, तर त्यांच्या मागे नावे व साल लिहून ठेवावे. फोटोतली माणसे ओळखणारे आता थोडेच उरले आहेत.