नाडी बाईची आणि नाडी पुरुषाची

राजगुरुनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या खेडात, कुणालाही विचारा: वैद्य पुरुषाचा कोणता हात पाहतो? उजवा. आणि बाईचा? डावा. हात बदलल्याने नाडी बदलते असे आजचे शास्त्र मानीत नाही. पण दोघांची हृदये तंतोतंत एका चालीने चालत नाहीत, एवढे मात्र खरे निघाले. ते कसे, त्याचीच ही हकीगत.

हृदयाचा ठोका पडतो तो विजेच्या बारीक लहरीमुळे. हॉलंडमधल्या लायडेन गावी आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही लहर टिपणारे यंत्र उभारले. 1924 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज दवाखान्यात निघते ती कार्डिओग्रामची पट्टी त्याच घराण्यातली.

आता जुन्या विहिरीवरची मोट आठवा. मोट रिती झाली की बैल मागे सरतात, मोट खाली उतरते, पुन्हा भरते. ती भरण्याआधीच बैल हाकले तर? हृदयालाही प्रत्येक ठोक्यानंतर असे सज्ज व्हावे लागते. बॅझेट या इंग्रज शास्त्रज्ञाने 1920 साली त्याचे गणित मांडले. मिनिटाला 60 ठोके धरले, तर लहर सुटल्यापासून पुन्हा सज्ज होईपर्यंत पुरुषाला 0.37 सेकंद लागतात, बाईला 0.40. लहान मुलामुलींत हा फरक जवळजवळ नसतो. वयात येताना मुलग्यांचा काळ आखडतो.

तीन शतांश सेकंद! पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण काही औषधे हा काळ आणखी लांबवतात, आणि मग क्वचित लय बिघडून पट्टीवर सुंभाला पीळ भरावा तशी लहर उमटते. देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी 1966 मध्ये तिचे वर्णन केले. माणूस घेरी येऊन पडतो, कधी दगावतोही. हृदयावरच्या औषधांनी असे झालेल्या 332 रोग्यांची मोजदाद 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. शंभरात सत्तर बायका होत्या!

मग हे आधी का नाही कळले? 1977 साली तिथल्या औषध खात्याने, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये, असे ठरवले. गर्भाला अपाय होऊ नये, हा हेतू. हेतू चांगलाच, पण मापे घेतली पुरुषांची आणि कपडा शिवला बाईचा! तो निर्बंध उठला 1993 मध्ये.

पुरुष यातून सुटले असे मात्र नाही. उतारवयात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेलगाम धडधड त्यांच्यातच अधिक आढळते.

घरातली बाई घेरी येऊन पडली की आपण म्हणतो, उपास झाला असेल. बहुधा तसे असतेही. पण नवे औषध सुरू केल्यावर, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले क्षार गेल्यावर घेरी आली, अथवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. चालू औषधांची पाकिटे पिशवीत घालून बरोबर न्या. आपल्या मनाने औषध बंद करू नका. पट्टी काढायला पाच-दहा मिनिटे पुरतात, आणि सुईसुद्धा टोचत नाही.