नक्कल, यंत्र आणि विद्यार्थी : प्रताधिकाराचा तीनशे वर्षांचा धडा

१. जुन्या हस्तलिखित पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. पोथी कोणी, कोठे, कोणत्या शकात उतरवली याची नोंद तीत सापडते. अनेक पुष्पिकांत नकलकार आणखी एक गोष्ट नमूद करतो : समोरच्या प्रतीत जसे दिसले तसेच उतरवले आहे, काही चुकले असल्यास तो दोष आपला मानू नये. नक्कल करणारा हात आणि नकलेची जबाबदारी यांची ही फारकत जुनीच आहे. छापखाना, झेरॉक्स आणि संगणक आल्यावर शिक्षणाच्या क्षेत्रात या जबाबदारीचे काय झाले, त्याचा हा थ्रेड. 🧵

२. पोथीच्या काळात उतरवून घेणे हा शिकण्याचाच भाग होता आणि पोथी लिहवून दान करणे पुण्यकर्म समजले जाई. एका ग्रंथाची एक प्रत तयार व्हायला कित्येक दिवस लागत. त्यामुळे नकलेवर वेगळे बंधन घालण्याची गरज नव्हती. हाताचा वेग हेच बंधन होते. छापखान्याने ते बंधन काढून टाकले. एका प्रतीच्या शेकडो प्रती होऊ लागल्या आणि प्रथमच प्रश्न उभा राहिला : प्रती काढण्याचा अधिकार कोणाचा?

३. या प्रश्नाला कायद्याने दिलेले पहिले महत्त्वाचे उत्तर १७१० सालचे, इंग्लंडच्या राणी ॲनच्या कारकिर्दीतले. तोवर लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांचा संघ हा अधिकार आपल्या मुठीत ठेवून होता. नव्या कायद्याने तो लेखकाकडे दिला, तोही मर्यादित काळासाठी : १४ वर्षे, आणि लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षे. या कायद्याच्या शीर्षकातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू लिहिला होता, आणि प्रत्येक नव्या पुस्तकाच्या ९ प्रती ठरावीक ग्रंथालयांना व विद्यापीठांना देण्याची तरतूद होती. प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, जन्माला आला तो शिक्षणाचे नाव घेऊन.

४. लंडनच्या विक्रेत्यांना ही मुदत मान्य नव्हती. मुदत संपली तरी आपला हक्क चिरंतन आहे, असा त्यांचा दावा होता. एडिंबरोचे अलेक्झांडर डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तके स्वस्तात छापून विकत. त्यांच्याशी झालेला वाद अखेर ब्रिटिश उमराव सभेपुढे गेला आणि १७७४ मध्ये चिरंतन हक्काचा दावा फेटाळला गेला. ठरावीक काळानंतर पुस्तक सर्वांचे होते, हे तत्त्व तेथे पक्के झाले.

५. या इतिहासात एक नाव भारतीय वाचकाला अनपेक्षित वाटेल : थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे ते आपल्याकडे ओळखले जातात. इंग्लंडला परतल्यावर ५ फेब्रुवारी १८४१ रोजी त्यांनी पार्लमेंटमध्ये प्रताधिकारावर भाषण केले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकावा, असे विधेयक तेव्हा मांडले गेले होते. मेकॉले यांचे म्हणणे असे की लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे, परंतु तो मोबदला म्हणजे वाचकावर बसवलेला कर आहे. तो गरजेपेक्षा एक दिवसही अधिक नसावा. बंधन अवाजवी झाले तर लोक वाजवी बंधनही मानणार नाहीत, असा इशाराही त्यांनी दिला. विधेयक बारगळले.

६. याच सुमारास मुंबईत मराठी पाठ्यपुस्तकांचा पाया घातला जात होता. १८२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीच्या वतीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांच्या सहकारी पंडितांनी गणितादी विषयांची पुस्तके मराठीत आणली. शिळाछापामुळे हाताने लिहिलेली बाळबोध पाने जशीच्या तशी छापता येऊ लागली. या पुस्तकांचा मोठा भाग इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरांचा होता. परभाषेतील ज्ञान आपल्या भाषेत आणणे हीच त्या काळच्या शिक्षणाची पहिली गरज होती.

७. कंपनी सरकारने १८४७ मध्ये आपल्या मुलखासाठी प्रताधिकाराचा कायदा केला. त्याच्याही शीर्षकात विद्येच्या उत्तेजनाचा उल्लेख होता. १९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्याच्याच साच्यातला, पण त्यात येथील गरज ओळखणारा एक बदल होता. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क केवळ १० वर्षे राहील. तेवढ्या काळात एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध झाले नाही, तर त्या भाषेसाठी वाट मोकळी. अनेक भाषांच्या देशात मूळ पुस्तक एकाच भाषेत अडकून पडू नये, ही समज त्यामागे दिसते.

८. शिक्षण आणि प्रताधिकार यांची थेट गाठ पडली ती मुंबईतच. मॅकमिलन कंपनीने प्लुटार्कलिखित अलेक्झांडरचे चरित्र शाळांसाठी प्रसिद्ध केले होते. सर थॉमस नॉर्थ यांचे हे भाषांतर सोळाव्या शतकातले, म्हणजे कोणाच्याही मालकीचे नव्हते. त्यातील काही भाग गाळून, उरलेले उतारे जोडून, शेवटी टिपा देऊन कंपनीने आवृत्ती सिद्ध केली. पुढे मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी त्याच चरित्राची विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती काढली. तिच्यातला मजकूर आणि टिपा आपल्या आवृत्तीवरून घेतल्या, अशी मॅकमिलनची तक्रार होती.

९. हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि डिसेंबर १९२३ मध्ये निकाल लागला. त्याचे दोन भाग आजही अभ्यासण्यासारखे आहेत. पहिला : जुन्या ग्रंथातील काही परिच्छेद गाळून उरलेले छापले, एवढ्याने नवा हक्क निर्माण होत नाही, त्यासाठी स्वतःचे श्रम, कौशल्य आणि विवेक पुरेसा दिसला पाहिजे. दुसरा : टिपा ही मात्र संपादकाच्या विद्वत्तेची निर्मिती आहे, तिच्यावर त्याचा हक्क आहे आणि कूपर यांनी त्याचा भंग केला आहे.

१०. या निकालाने रेघ नेमकी आखली. जो ग्रंथ सर्वांचा आहे तो सर्वांचाच राहील. पण विद्यार्थ्याला तो समजावून सांगण्यासाठी ज्याने कष्ट केले, त्याचे कष्ट फुकट उचलता येणार नाहीत. ‘गाईड’ आणि ‘नोट्स’ यांच्या बाजारात पुढे वाढलेल्या पिढ्यांना हा निकाल क्वचितच सांगितला गेला. शिक्षकाच्या श्रमालाही मोल आहे, हे कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

११. स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात, कोणत्या कृती हक्कभंग ठरणार नाहीत याची यादी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा आणि उत्तरपत्रिकेत आलेला मजकूर यांना त्यात सूट आहे. ही सूट कोणत्याही संस्थेच्या नावाने दिलेली नाही. कायद्याने शिक्षक आणि विद्यार्थी या दोन व्यक्तींची नावे घेतली आहेत.

१२. कायदा झाल्यावर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, अमेरिकेत झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आले. कंपनीचे नाव पुढे मराठीत सामान्यनाम झाले, इतका त्याचा संचार वाढला. फळा, वही आणि प्रश्नपत्रिका यांच्या जगात लिहिलेल्या कलमापुढे आता बटण दाबताच पान उतरवणारे यंत्र उभे राहिले.

१३. आंतरराष्ट्रीय पातळीवरही हा प्रश्न पेटला. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत नवस्वतंत्र देशांनी शिक्षणासाठी सवलती मागितल्या; त्या मागणीत भारत अग्रभागी होता. प्रकाशनात बलाढ्य असलेल्या देशांनी त्या सवलतींना विरोध केला. १९७१ मध्ये पॅरिसला तडजोड झाली : ठरावीक वर्षे थांबून, विहित पद्धतीने अर्ज करून, भाषांतराचा किंवा पुनर्मुद्रणाचा सक्तीचा परवाना मिळवता येईल. भारताने १९८३ च्या दुरुस्तीत ती वाट स्वीकारली, पण ती इतकी वळणावळणाची होती की तिने फारसे कोणी गेले नाही. १९९२ मध्ये तर उलट दिशेने पाऊल पडले. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्काची मुदत संपत आल्याने भारताने ती मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ६० वर्षांवर नेली. मेकॉले यांनी १८४१ मध्ये हाणून पाडलेला आकडा तोच होता.

१४. झेरॉक्स आणि ५२ वे कलम समोरासमोर आले ते दिल्लीत. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र संस्थेच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान विद्यापीठाच्या परवान्याने चाले. अभ्यासक्रमात नेमलेली निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र बांधून तेथे विद्यार्थ्यांना दिली जात. पानाचा दर होता ४० पैसे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची संघटना न्यायालयात उतरली. ज्यांच्या पुस्तकांवरून हा वाद होता त्यांतील कित्येक लेखकांनीही दाव्याला जाहीर विरोध केला. अमर्त्य सेन यांनी दावा मागे घेण्याची विनंती प्रकाशकांना केली.

१५. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांच्या तर्काचा गाभा असा : ग्रंथालयात बसून विद्यार्थ्याने हाताने पाने उतरवली तर तो गुन्हा ठरत नाही, मग तेच काम यंत्राने केले म्हणून कृतीचे स्वरूप बदलत नाही. प्रताधिकार हा निसर्गदत्त हक्क नाही, तो कायद्याने दिलेला आहे आणि कायद्यानेच त्याला मर्यादा घातली आहे. पोथीचा नकलकार आणि झेरॉक्सचे यंत्र प्रथमच एका ओळीत उभे केले गेले.

१६. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हा निकाल तत्त्वतः उचलून धरला, पण एक प्रश्न मोकळा ठेवला. किती पाने घेतली, याचे ठोकळ माप नाही. कसोटी हेतूची आहे. शिकवण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढेच घेतले का, हे पुरावा पाहून ठरवावे, असे सांगून त्यांनी तेवढा भाग सुनावणीसाठी परत पाठवला. ती सुनावणी झालीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्यामुळे सर्वांत कळीचा प्रश्न न्यायालयात न सुटता शिक्षकाच्या टेबलावर तसाच राहिला.

१७. संगणकाने हा प्रश्न आणखी खोल नेला. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून, आपले सॉफ्टवेअर पैसे न देता वापरणारे चोरी करत आहेत, असा आरोप केला. दुसऱ्या टोकाला रिचर्ड स्टॉलमन होते. मॅसॅच्युसेट्सच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्स कंपनीच्या एका मुद्रकाचे मूळ सॉफ्टवेअर त्यांना पाहू दिले गेले नाही. दुरुस्ती करता येत असूनही हात बांधलेले राहिले. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. एकाला निर्मात्याच्या श्रमाची चिंता, दुसऱ्याला शिकणाऱ्याच्या स्वातंत्र्याची. कूपर खटल्याच्या निकालातील दोन बाजूच येथे नव्या वेषात दिसतात.

१८. भारताने १९८४ मध्ये संगणकीय प्रोग्रामला ‘साहित्यकृती’ मानले. कायद्याच्या दृष्टीने तो कादंबरीच्याच फळीवर गेला. १९९४ मध्ये, प्रत बेकायदा आहे हे ठाऊक असताना प्रोग्राम वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावासाची तरतूद झाली. १९९९ च्या दुरुस्तीने मात्र, रीतसर मिळवलेल्या प्रोग्रामचे कार्य निरखणे, अभ्यासणे आणि तपासणे याला सूट दिली. शिक्षेचा भार पडला तो ‘ठाऊक असताना’ या शब्दांवर, म्हणजे पुन्हा व्यक्तीच्या विवेकावर.

१९. या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट केरळने दाखवली. तेथे २००१ मध्ये शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञान प्रकल्प सुरू झाला आणि त्याच वर्षी तिरुवनंतपुरमला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची भारतीय शाखा स्थापन झाली. शिक्षकांच्या पुढाकाराने शासकीय शाळांतील संगणक हळूहळू मुक्त सॉफ्टवेअरवर आले. येथे प्रत काढणे हा हक्कभंग नाही, कारण प्रत देण्याची परवानगी निर्मात्यानेच देऊन ठेवलेली असते. विद्यार्थी शाळेतला प्रोग्राम घरी नेऊ शकतो आणि उघडून पाहू शकतो. खर्चाबरोबर एक सवयही वाचली : चोरीची प्रत गृहीत धरण्याची.

२०. आज पोथीच्या जागी पीडीएफ आहे. स्पर्धा परीक्षेच्या गटात पूर्ण पुस्तक एका क्षणात हजारो भ्रमणध्वनींवर पोहोचते. त्यात परदेशी प्रकाशकाचा न परवडणारा संदर्भग्रंथ असतो, तसे आयुष्य वेचून लिहिलेले आणि मोजक्या प्रती निघालेले मराठी संशोधनही असते. यंत्राला या दोहोंतला भेद कळत नाही. ५२ व्या कलमाचा अर्थ ‘सगळे चालते’ असा होत नाही. आवश्यक तेवढे प्रकरण घेणे आणि अख्खे पुस्तक वाटणे यांतले अंतर मोजण्याचे काम त्याने शिक्षकावर आणि विद्यार्थ्यावर सोपवले आहे.

२१. तीनशे वर्षांत यंत्रे बदलली, मुदती वाढल्या, बाजू उलटसुलट झाल्या. एक गोष्ट टिकून राहिली : शिकण्यासाठी केलेल्या नकलेला समाजाने जागा ठेवली, आणि ती जागा शिकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून ठेवली. पोथीच्या नकलकाराला ‘दोष माझा नाही’ असे लिहून मोकळे होता येत होते. आजच्या विद्यार्थ्याला कायद्याने सूट दिली आहे, पण पुष्पिकेतली ती ओळ दिलेली नाही. 📜