घरांचे फोटो काढणाऱ्या जॉन्स्टनबाई



आज आधी तुम्हालाच एक प्रश्न. तुमच्या मोबाईलमध्ये तुमच्या स्वतःच्या घराचा फोटो आहे का? नातवंडांचे असतील, हळदीकुंकवाचे असतील, गटाच्या मीटिंगचे तर असणारच. मी विचारतेय नुसत्या घराचा. आमच्या गटात हे विचारलं, तर बाराजणींत दोघींचे हात वर आले, आणि तेही फोटो घरकुलासाठी काढलेले.

घरकुलाचं तुम्हाला ठाऊकच आहे. मंजुरी आली की आधी लाभार्थ्याला जुन्या घरासमोर उभं करून फोटो काढतात, मग बांधायच्या जागेचा, मग काम पुढे सरकेल तसतसे. फोटो चढला की हप्ता. आमच्या सासूबाईंच्या नावावर घरकुल आलं तेव्हा फोटो काढायला आलेला मुलगा घाईत होता. ऊन समोरून, डोळ्यांवर येणारं. सासूबाई काळ्या, घर काळं, मागचं आभाळ तेवढं पांढरंफेक. तो फोटो काही चालला नाही. दुसऱ्यांदा माणूस यायला तीन आठवडे गेले, तोवर पाऊस तोंडावर आला. फोटोपायी एवढा खोळंबा होतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला मोबाईलवर फोटो काढायला शिकवलं. शिकवणाऱ्या ताईंनी पडद्यावर काही जुने फोटो दाखवले. पडकी लाकडी घरं, गिरण्या, कोठारं, जिने, दारं. काढणारी कोण, तर सत्तरीची एक अमेरिकन बाई. त्या बाईंची गोष्ट आज सांगते.

नाव फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन. जन्म 1864 चा. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, गुलामगिरी कायद्याने संपायची होती. घरची परिस्थिती चांगली. पॅरिसला जाऊन त्या चित्रकला शिकल्या, परत येऊन वॉशिंग्टनला मासिकांसाठी लिहू लागल्या. लेखासोबत चित्रापेक्षा फोटो बरा, असं त्यांच्या मनाने घेतलं. कोडॅक कॅमेरा काढणारे जॉर्ज ईस्टमन घरच्यांच्या ओळखीचे होते, त्यांनीच पहिला कॅमेरा दिला. मग स्मिथसोनियन या मोठ्या संग्रहालयाच्या फोटोग्राफरकडे त्या रीतसर शिकल्या. म्हणजे कॅमेरा आयता मिळाला, पण हात आयता मिळाला नाही.

सुरुवातीलाच त्यांनी अवघड काम घेतलं. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अजस्र गुहा आहे. तिच्या काळोखात मॅग्नेशियमची पूड पेटवून, त्या क्षणभराच्या उजेडात फोटो काढले. त्यातून एक गोष्ट हाताला लागली असणार: उजेड कुठून येतोय हे आधी बघायचं, कॅमेरा नंतर. आमच्या घरकुलवाल्या मुलाला तेवढंच कोणी सांगायला हवं होतं.

वॉशिंग्टनला त्यांनी स्टुडिओ थाटला. राष्ट्राध्यक्षांच्या घरच्यांचे फोटो काढले. 1897 साली लेडीज होम जर्नल या स्त्रियांच्या मासिकात त्यांनी लेख लिहिला: कॅमेऱ्याच्या जोरावर बाई पोटापाण्याचं काय करू शकते. चिकाटी, बारीक नजर, लोकांशी गोडीने वागणं आणि ढोरमेहनत हवी, असा त्याचा सूर होता. शंभरावर वर्षं झाली त्याला, पण आमच्या पापड-शेवयांच्या गटालाही तो सल्ला जशाचा तसा लागू पडतो.

पुढची काही वर्षं भरभर सांगते. काळ्या मुलामुलींच्या हॅम्प्टन इथल्या शाळेचे त्यांचे फोटो 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात गेले, नाव झालं. नंतर मॅटी एडवर्ड्स ह्युइट या मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कला धंदा केला: श्रीमंतांचे बंगले आणि बागा यांचे फोटो. बांधणाऱ्यांना, मालकांना, मासिकांना ते हवे असत. आज घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर फोटो टाकतात ना, त्याचीच ही जुनी भावंडं. ही भागीदारी 1917 पर्यंत टिकली.

आता घराचा फोटो काढणं यात एवढं काय, असं वाटेल. माणसाला जरा हस, मान वळव, असं सांगता येतं. घर हलत नाही, आपल्यालाच हलावं लागतं. अगदी समोरून काढलं तर घर पत्त्यासारखं सपाट दिसतं. कोपऱ्याच्या बाजूला सरकलं की दोन भिंती दिसतात, घराला पोट येतं. ऊन कडेने तिरपं पडलं की दगडन् दगड उठून दिसतो, भर दुपारी सगळं विझल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यांची नेहमीची चूक म्हणजे उंच घर मावावं म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर करायचं. तसं केलं की भिंती वरती एकमेकींकडे झुकतात, घर मागे कलंडल्यासारखं दिसतं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत यावर इलाज होता. कॅमेरा तिकाटण्यावर सरळ ठेवायचा आणि पुढची काच तेवढी वर सरकवायची. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, मागच्या काचेवर चित्र उलटं दिसायचं, पाय वर डोकं खाली, आणि त्या उलट्या चित्रात भिंती सरळ आहेत का ते तपासायचं. आपल्या फोनची काच अशी सरकत नाही. म्हणून फोन उभा, ओळंब्यात धरायचा आणि आपणच चार पावलं मागे जायचं. तेवढ्यानेही घर मावलं नाही तर समोरच्या ओट्यावर चढायचं.

तर बाईंनी हे बंगल्यांवर शिकून घेतलं. खरं काम पुढेच होतं. 1927 मध्ये व्हर्जिनियातल्या चॅटम नावाच्या हवेलीचे फोटो काढायचं काम आलं. मालकीणबाई श्रीमंत होत्या. हवेली झाल्यावर काम नदीपलीकडच्या फ्रेडरिक्सबर्ग गावात शिरलं: जुनी दुकानं, साधी घरं, मोडकळीला आलेली घरंसुद्धा. बाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयात म्हणतात, आता देवदेव करा. त्यांना मात्र तिथे दिसलं, की हवेली जपायला धनी असतो, साध्या घराला कोणी नसतं.

1933 पासून कार्नेगी या मोठ्या निधीचे पैसे मिळाले, आणि पुढची सातेक वर्षं त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नऊ राज्यांत मोटारीने हिंडल्या. आठ बाय दहा इंचांची एकेक निगेटिव्ह. सात हजारांवर फोटो झाले. शेतघरं, पाणचक्क्या, धान्याची कोठारं, स्वयंपाकघरं, आणि गुलामांना ठेवायच्या त्या खोल्याही. हे सगळं आता वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात आहे आणि फोनवरही बघता येतं. 1945 साली तिथल्या आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेने त्यांना मानाचं सभासदत्व दिलं. लुइझियानात बेल ग्रोव्ह नावाचा भला मोठा वाडा होता, त्याचे फोटो बाईंनी काढून ठेवले होते. 1952 साली तो जळून गेला. त्याच वर्षी बाईही गेल्या.

एक खटकतं ते सांगते, लपवत नाही. गुलामांच्या खोल्यांच्या फोटोखाली मळ्याचं नाव असतं, गावाचं असतं. त्या खोलीत कोण जन्मलं, कोण मेलं, कोणी चूल पेटवली, त्यांची नावं नसतात. विचारायला गेलं असतं तर जुनं आठवणारी म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. बाईंनी भिंती राखल्या, आतली माणसं निसटली. असं असलं तरी ते फोटो नसते, तर त्या खोल्या तिथे होत्या हेही पुढे कोणी खोटं पाडलं असतं, असं मला वाटतं.

आता आमच्या घराचं. दुसऱ्या फेरीला तो मुलगा सकाळी आला. ऊन पाठीमागून घेतलं, मी फोनची काच पदराने पुसून दिली, फोटो स्वच्छ आला. हप्ता मिळाला, माळवद पाडलं, नवं घर झालं. नव्या घरात पावसाळ्यात भांडी मांडून ठेवावी लागत नाहीत, याचं सुख मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. जुन्या घराचा तेवढा एकच फोटो मी मुलाकडून मागून घेतला. परवा सासूबाई तो बघत होत्या. त्यात त्या आहेत, दार आहे, अर्धी भिंत आहे. त्यांनी विचारलं, "बळद कुठं हाय गं?" भिंतीतलं ते धान्याचं बळद, त्यात लहानपणी उतरून माझे दीर ज्वारी काढायचे. देवळी, चूल, जात्याची जागा, काहीच नाही त्यात. आतला फोटो काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्या वाडीत आता माळवदाची सात घरं उरली आहेत. दोघांची मंजुरी आलेली आहे, म्हणजे दिवाळीपर्यंत पाचच राहतील. गटातल्या चौघी मिळून येत्या गुरुवारी सकाळी आठला निघणार आहोत, ऊन तिरपं असताना. पहिलं घर थोरल्या जाऊबाईंचं. बाहेरून दोन कोपरे, मग ओटा, उंबरा, आणि आतले फोटो दारं-खिडक्या सगळ्या उघडून. एकीकडे वही दिली आहे. घर कोणी बांधलं, त्यात कोण कोण नांदलं, कोणाची बाळंतपणं झाली, ती नावं ती लिहून घेणार. सासूबाईही येतो म्हणाल्यात. बळद कुठून बघायचं ते त्यांनाच ठाऊक आहे.